मुखत्यारपत्र आणि त्रैमासिक

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद होऊ इच्छिणाऱ्या गृहस्थास निदान पन्नास इसमांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र हजर करावे लागे. आणि ज्या काळी रयतेस कायदेमंडळात आपला मनुष्य निवडून धाडण्याचा अधिकारच नव्हता, त्या काळी प्रतिनिधित्वाची ही कल्पना किती धाडसाची होती, हे सांगावयास नको. तथापि गाऱ्हाण्यामागे पुराव्याचे बळ नसेल तर सरकारदरबारी त्याची दाद लागत नाही, हे सभेचे धुरीण गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि महादेव गोविंद रानडे यांनी पुरते ओळखले होते. म्हणूनच १८७६-७७च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, भावांची आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या स्थितीची माहिती जमवली, आणि दुष्काळासाठी नेमलेले सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी एक रत्तल धान्याच्या बेताने उतरवण्यात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज करताना या माहितीचाच आधार घेतला. पुढे १८७८ पासून निघू लागलेल्या सभेच्या त्रैमासिकात, ज्यातील पुष्कळसे लेखन सरकारी नोकरीत असलेल्या रानड्यांनी नाव न घालता केले, जमीनमहसूल आणि शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा यांसारख्या प्रश्नांची साधार चिकित्सा होऊ लागली. मात्र ते त्रैमासिक इंग्रजीत असल्यामुळे साहेबाच्या मेजावर पोचले, तरी ज्याच्या दैन्याची त्यात मीमांसा होती त्या कुणब्याला अगम्यच राहिले. राज्यकर्ते आणि रयत या दोघांशीही एकाच वेळी बोलण्याचे कार्य त्या पिढीस पूर्णत्वास नेता आले नाही, परंतु अर्जाला अभ्यासाची जोड देण्याचा पायंडा तिनेच पाडला.