उंबऱ्याबाहेर ठेवलेलं इन्सुलिन

मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज म्हणजे हार्वर्ड आणि एमआयटीचं गाव. पण तिथले महापौर आल्फ्रेड वेलुची यांचं हार्वर्डशी कधी फारसं जमलं नाही. एका जीवाचं जनुक दुसऱ्यात घालण्यासाठी हार्वर्ड खास प्रयोगशाळा उभारतंय, हे कळताच 1976 च्या उन्हाळ्यात त्यांनी प्राध्यापकांना नगर परिषदेत बोलावून जाहीर जाब विचारला. जुलैत परिषदेनं जास्त जोखमीच्या प्रयोगांना तीन महिन्यांची स्थगिती दिली आणि पुढे ती वाढवली. निर्णय सोपवला तो सामान्य नागरिकांच्या समितीवर. तिच्यात एक ननही होती. शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली, पण समितीनं नेटानं अभ्यास केला. 1977 च्या फेब्रुवारीत अटी घालून बंदी उठली.

मधल्या काळात लिडिया व्हिला-कोमारॉफ या तरुण संशोधिकेला प्रयोगांसाठी कोल्ड स्प्रिंग हार्बरला जावं लागलं होतं. परतल्यावर ती हार्वर्डचे शास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांच्या इन्सुलिनच्या कामात सामील झाली.

इन्सुलिनची गरज उघड होती. 1922 पासून मधुमेहींचा जीव गायी-डुकरांच्या स्वादुपिंडांवर तगून होता आणि काही औंस औषधासाठी कत्तलखान्यांतून टनांनी माल लागे. तेच काम ई. कोलाय या जिवाणूकडून करून घ्यायचं, तर दोन अडचणी होत्या. परकं प्रथिन त्यानं बनवायला हवं, हे झालंच. पण ते पेशीच्या आत पडून राहिलं तर तिथली विकरं त्याचा फडशा पाडण्याची भीती होती. शिवाय पेशी फोडून त्या रगाड्यातून ते निवडणं आलंच.

गिल्बर्ट यांच्या गटाची युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. पेनिसिलिन मोडून टाकणारं पेनिसिलिनेज हे प्रथिन जिवाणू आतल्या पटलापलीकडे पाठवतो. त्याच्या सुरुवातीला 23 अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो म्हणजे बाहेर जाण्याचा परवानाच. पेनिसिलिनेजच्या जनुकात मधेच उंदराच्या प्रोइन्सुलिनचं, म्हणजे इन्सुलिनच्या आधीच्या रूपाचं, जनुक जोडलं, की परवाना एकाचा आणि प्रवास दुसऱ्याचा. कोणती वसाहत इन्सुलिन बनवते, हे प्रतिपिंड आणि किरणोत्सारी आयोडीन वापरून शोधलं. फिल्मवर उमटलेला काळा ठिपका म्हणजे होकार. मग जिवाणू साखरेच्या दाट द्रावणातून काढून थंड पाण्यात टाकले. या झटक्यानं आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधला ऐवज बाहेर येतो, पेशी मात्र फुटत नाही. त्या पाण्यात इन्सुलिन सापडलं. 1978 च्या ऑगस्टमध्ये निबंध छापून आला.

आता माणसाचं इन्सुलिन. अमेरिकेतले नियम आड आले, म्हणून सप्टेंबरात ही मंडळी इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊनला, जैविक युद्धाच्या संशोधनासाठी बांधलेल्या प्रयोगशाळेत गेली. कपडे बदला, शॉवर घ्या, मगच बाहेर पडा असा तिथला खाक्या. एवढं करून हाती लागलं ते पुन्हा उंदराचंच जनुक! नमुन्यात भेसळ झाली होती.

त्याच महिन्यात, 6 सप्टेंबरला, जेनेनटेक या छोट्या कंपनीनं माणसाचं इन्सुलिन जिवाणूत बनवल्याचं जाहीर केलं. सिटी ऑफ होपमधल्या सहकाऱ्यांनी जनुक रसायनांपासून जोडून बनवलं होतं. ते माणसाच्या पेशीतून आलेलं नसल्यानं कडक नियम त्याला लागूच नव्हते. 1982 मध्ये एली लिली कंपनीचं ह्युम्युलिन बाजारात आलं. त्यातलं प्रथिन मात्र पेशीतच साठायचं आणि पेशी फोडूनच काढावं लागायचं.

शर्यत हार्वर्ड हरलं. तरी उंबऱ्याबाहेर पाठवण्याची कल्पना फुकट गेली नाही. मधुमेहानं दृष्टिपटलाला सूज आली की डोळ्यात जे रॅनिबिझुमॅब टोचतात, ते उंदराच्या एका प्रतिपिंडावरून बेतलेलं आहे. ई. कोलाय ते बनवून आपल्या दोन पटलांच्या मधे नेऊन ठेवतो. अमेरिकेत या औषधाला 2006 साली मंजुरी मिळाली.