नया बाजार : लष्करातली आपली जुनी वस्ती

नया बाजार ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली वस्ती. नाव 'नया' असले तरी परिसर जुना आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुढे उठला नाही. त्याचेच शहर झाले आणि 'लष्कर' हे नाव कायम राहिले.

आपल्या अवतीभवतीची नावे आजही त्या छावणीचा नकाशा सांगतात. कंपू म्हणजे कवायती पलटणींची जागा. जिन्सी हा शब्द तोफखान्याचा, तर हुजरात म्हणजे सरकारांचे खासे पथक. फालका बाजार आणि पाटणकर बाजार यांत सरदार घराण्यांची नावे आहेत. 'महाडिक की गोठ', 'निंबालकर की गोठ' यांतली 'गोठ' गुरांची नव्हे. तो मराठीतला 'गोट', म्हणजे छावणी. 'आतल्या गोटातली बातमी' असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. हिंदीत जाताना तो स्त्रीलिंगी झाला, एवढेच.

घरांचेही तसेच. चौक, ओसरी, देवघर, तुळशीवृंदावन ही मांडणी देशावरची. पण दगड इथला. तिकडच्या काळ्या पाषाणाऐवजी इथे फिकट वालुकाश्म मिळाला. तो कोरायला सोपा, म्हणून खांब, जाळ्या, झरोके आले आणि मराठी वाड्याला ग्वाल्हेरी चेहरा मिळाला.

या वस्तीत राहण्याचे सुख म्हणजे सारे हाताशी असणे. महाराज बाडा जवळ, बाजारपेठ दारात. शंकर गांधर्व महाविद्यालय (१९१४) आणि माधव संगीत महाविद्यालय (१९१८) या संस्था लष्करातल्याच. ज्यांच्या हरिकथेने तानसेन समारोहाचा आरंभ होतो, त्या ढोलीबुवांचा मठही इथलाच. दारात हिंदी, ओसरीवर मराठी, हे इथल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

आता वाडे वाटण्यांत विभागले जात आहेत; कित्येकांच्या जागी दुकाने उभी राहिली. प्रत्येक वाडा वाचवणे आपल्या हाती नाही. पण घर विकण्याआधी किंवा पाडण्याआधी चौकाचे, जाळ्यांचे फोटो काढणे, जुनी कागदपत्रे आणि मोडीतली पत्रे रद्दीत न घालणे, आजीआजोबांकडून गल्लीचे जुने नाव विचारून लिहून ठेवणे, हे प्रत्येक कुटुंबाला जमण्याजोगे आहे. गोठ म्हणजे काय, हे आपण सांगितले नाही, तर पुढच्या पिढीला तिथे गाई-म्हशीच बांधत असत असे वाटेल.