मेर्सेन संख्या, सदुसष्टावी
मेर्सेन संख्या, सदुसष्टावी : २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता येणारी एकवीस अंकी संख्या. मूल्य १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ती अविभाज्य असल्याचे विधान दोन शतकांहून अधिक काळ अबाधित राहिले.

हे विधान फ्रेंच धर्मोपदेशक व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये केले. अशा रूपाची संख्या अविभाज्य असल्यास तिच्यापासून परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी संख्या) मिळते, हे यूक्लिड यांच्यापासून ज्ञात होते. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हेच अविभाज्य संख्या देतात, असे मेर्सेन यांनी लिहिले. सिद्धता मात्र दिली नाही. या यादीतील ६७ व २५७ चुकीचे असून ६१, ८९ व १०७ तीतून सुटले आहेत. ६१ ऐवजी ६७ हा मुद्रणदोष असावा, असा तर्क काहींनी केला. परंतु उरलेल्या चुकांचा उलगडा त्याने होत नाही.

एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी १८७६ मध्ये ही संख्या संयुक्त असल्याचे दाखविले. विशेष म्हणजे तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या पद्धतीला लेमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक पदाच्या वर्गातून २ वजा करीत गेल्यास ४, १४, १९४, ३७,६३४, ... ही पदे मिळतात. घातांक ५ असता संख्या ३१ येते व तिने चौथ्या पदास नि:शेष भाग जातो. म्हणून ३१ अविभाज्य आहे. घातांक ६७ असता हीच कसोटी सहासष्टाव्या पदास लावावी लागते आणि तेथे बाकी उरते. अवयव कोणते, याविषयी कसोटी काहीच सांगत नाही.

ते शोधण्याचे काम अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी केले. या संख्येच्या प्रत्येक अवयवास १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे तपासावयाच्या संख्या पुष्कळ घटतात. तरीही लहान अवयव या क्रमात १४,४५,५८० व्या स्थानी आहे. केवळ भागाकार करीत न बसता कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने शक्यता आणखी मर्यादित केल्या. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथील अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी उत्तर मांडले : १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. ई. टी. बेल यांनी पुढे लिहिलेल्या हकीकतीनुसार कोल यांनी फळ्यावर एकीकडे घात व दुसरीकडे गुणाकार केला आणि एक शब्दही न उच्चारता ते जागेवर बसले. या शोधास ‘तीन वर्षांचे रविवार’ लागल्याचे त्यांनी बेल यांना सांगितले होते. गुणाकार पडताळण्यास मात्र कागद, पेन्सिल व थोडा वेळ पुरतो.

संगणकाला हे अवयव क्षणात मिळतात. पण मूळ अडचण संपलेली नाही. २ च्या १,२७७ व्या घातातून १ वजा करून येणारी ३८५ अंकी संख्या ल्यूका यांच्या कसोटीने संयुक्त ठरली आहे; २०२४ पर्यंत तिचा एकही अवयव सापडला नव्हता.