होकाराची दोन रूपे

अरबीत प्रश्न विचारण्यासाठी वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. विधान आहे तसे ठेवून त्याच्या आरंभी ‘हल्’ किंवा नुसता ‘अ’, म्हणजे हम्झा, जोडला की काम भागते. आठव्या शतकातला वैयाकरण सीबवय्ह हम्झालाच प्रश्नाचे मूळ अव्यय मानतो. नकारार्थी वाक्यापुढे ‘हल्’ चालत नाही. तेथे हम्झाच हवा.

आणि खरी कसोटी नकारार्थी प्रश्नाचीच असते. कुराणाच्या सातव्या सूऱ्यात (आयत 172) ईश्वर आदमाच्या भावी संततीला विचारतो की, मी तुमचा प्रभू नाही काय? ती उत्तरते, ‘बला’. हा साधा होकार नव्हे. प्रश्नातला नकार खोडून काढणारा होकार आहे. साधा होकार ‘नअम्’. तो दिला असता तर ‘होय, नाहीस’ असा अर्थ झाला असता, आणि मग ते सारे काफिर ठरले असते, असे मत इब्न अब्बास यांच्या नावे सांगितले जाते. एका अव्ययावर अवघ्या मानवजातीची श्रद्धा तोललेली! सूफी काव्यातला ‘अलस्त’चा दिवस तो हाच.

इंग्रजीची रीत निराळी. तिथे क्रियापद कर्त्याच्या पुढे येते. ‘डू’ची कुबडी मुख्यतः सोळाव्या शतकात रूढ होत गेली, शेक्सपिअरमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. पण ‘बला’सारखा भेद तिथेही होता. सरळ प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. बायबलचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या विल्यम टिंडलने योहानाच्या शुभवर्तमानात सरळ प्रश्नाला ‘नो’ असे उत्तर लिहिले. टॉमस मोरने 1532 साली त्यावर त्याला धारेवर धरले. उदाहरणही बोचरे: पाखंडी माणूस पवित्र ग्रंथ भाषांतरित करण्यास योग्य आहे काय, असे विचारले तर टिंडलने ‘ने’ म्हणावे, योग्य नाही काय, असे विचारले तर ‘नो’. गंमत अशी की मोरच्या छापील ग्रंथात नियमाचे वाक्यच उलटे पडले आहे. भेद तेव्हाच निसटू लागला असावा. मोरचा शिरच्छेद 1535 मध्ये झाला, टिंडलला 1536 मध्ये मृत्युदंड मिळाला. दोन जोड्यांपैकी ‘येस’ आणि ‘नो’ तेवढे बोलण्यात उरले.

मराठीला ही सोय नाही. ‘तू येणार नाहीस का?’ याला नुसते ‘हो’ म्हटले तर विचारणारा पुन्हा विचारतो, ‘हो म्हणजे?’