पुण्याहून हैदराबाद, तिथून दिल्ली

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती आठ संघांनिशी. त्यांपैकी एफसी पुणे सिटीचे घरचे मैदान बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होते. पुण्यात फुटबॉलला मुळात मोठा आधार नव्हता, शिवाय बालेवाडी पेठांपासून लांब. तरीही केशरी जर्सी घालून येणारा ‘ऑरेंज आर्मी’ हा चाहत्यांचा गट उभा राहिला आणि २०१७-१८ च्या हंगामात संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि २०१९ मध्ये संघ बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. मार्सेलिन्हो, निखिल पुजारी यांच्यासारखे खेळाडू आणि प्रशिक्षक फिल ब्राउनही तिकडे गेले. प्रेक्षक मात्र पुण्यातच राहिले.

हैदराबादची माती फुटबॉलला नवी नव्हती. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. पण तो वारसा पोलीस संघाचा होता. लीगमधली जागा विकत घेता येते, वारसा तसा मिळत नाही. पहिल्या हंगामात नवा संघ तळाला राहिला. पुढचे दोन हंगाम करोनामुळे गोव्यातच खेळवले गेले, तेही बहुतेक रिकाम्या मैदानांवर. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यात केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून हैदराबाद विजेता ठरला. त्या विजयाच्या वाटेवर घरच्या गच्चीबावली मैदानावर एकही सामना झाला नव्हता. करंडक आला, पण दर पंधरवड्याला मैदानावर जायची सवय लागायला अवधीच मिळाला नाही.

पुण्याचा संघ बंद झाला त्याच २०१९ मध्ये लीगमधला दिल्ली डायनामोज हा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. तिथे राज्य सरकारचे पाठबळ होते, कलिंगा स्टेडियम होते. २०२३ मध्ये गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने सुपर कप जिंकला. स्थलांतरित संघ नव्या गावी रुजू शकतो, याचे भारतातले त्यातल्या त्यात बरे उदाहरण हेच.

संघ हलला तरी चाहते हलत नाहीत, हे इंग्लंडमध्येही दिसले. तिथला विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवण्यात आला. जुन्या चाहत्यांनी आदल्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून तळापासून सुरुवात केली होती. २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला.

कोल्हापुरात संघ हलवण्याचा प्रश्न उद्भवतच नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ तालमींचे, आणि तालमी पेठांच्या. शाहू स्टेडियमवर ओरडणारा माणूस संघ निवडत नाही, तो त्या पेठेत जन्मलेला असतो. तिथल्या संघाला मालक नाही, त्यामुळे तो हलवणाराही कोणी नाही. पुण्यात पेठा होत्या, तालमीही होत्या, पण एफसी पुणे सिटी त्यांच्यातून आलेला नव्हता.

हैदराबादचा संघही पुढे आर्थिक अडचणीत सापडला. २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवण्यात आला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. ज्या शहराने २०१९ मध्ये आपला संघ भुवनेश्वरला गमावला, त्याच्या वाट्याला आता हा संघ आला आहे.