खंडोबाचा कुत्रा आणि कुत्रा होणारा भक्त

१/ श्राद्धाला बसलेल्या ब्राह्मणांच्या भोजनावर कुत्र्याची नजरही पडू नये, असा मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील दंडक आहे. सोलापूरलगतच्या बाळे येथे मार्गशीर्षात ज्या खंडोबाची यात्रा भरते, त्याच्या घोड्यासोबत मात्र कुत्रा असतो. एकाच समाजात ही दोन टोके कशी नांदली?

२/ उत्तर माळरानात आहे. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. शेती बेभरवशाची, म्हणून मेंढपाळीला महत्त्व. धनगरांचा वाडा रात्री उघड्या माळावर उतरला की लांडगा आणि कळप यांच्यामध्ये कुत्राच उभा असे. नान्नजच्या माळावर आजही लांडगे आढळतात.

३/ राखणीच्या कुत्र्याच्या स्वभावात दोन परस्परविरोधी गुण लागतात : परक्यावर धावून जाणे आणि कोकराला दातही न लावणे. पिल्लू लहानपणापासून मेंढरांत वाढले, तरच हा तोल साधतो. शिकारीचा कारवानी कुत्रा निराळा. तो नजरेने सावज हेरतो आणि वेगाने गाठतो.

४/ धनगर, शिकारी, लढवय्ये अशा साऱ्यांचा देव खंडोबा. तो मार्तंडभैरव, आणि भैरवाचे वाहनच कुत्रा. ज्याच्यावर कळपाचा जीव अवलंबून, त्याला देवाजवळ जागा मिळाली.

५/ भक्त त्याहून पुढे गेले. नवसाने देवाला वाहिलेला वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवी. कोटंब्यातले अन्न भुंकत खाण्याची त्याची प्रथा होती. कर्नाटकातील मैलार येथे वग्गय्याही देवाचे कुत्रे होऊन भुंकतात.

६/ ‘कुत्र्याचे जिणे’ ही शिवी, तर ‘कुत्र्याचे इमान’ ही स्तुती. वाघ्याने ही शिवीच व्रत म्हणून स्वीकारली. पण या इमानाची किंमत पुष्कळदा बालकांनी मोजली : आईबापांच्या नवसापायी मुलगे वाघ्या आणि मुली मुरळी होत. त्यांची संमती कोणी विचारली नाही.

७/ जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर (1934–1992) यांनी धनगरांच्या ओव्या आणि कथा त्यांच्यात राहून गोळा केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरील त्यांचा ग्रंथ 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. या दैवतांचा इतिहास पोथ्यांइतकाच माळावर शोधावा लागतो, हे त्यातून दिसते.

८/ याच जिल्ह्यातील पंढरपूरशी जोडलेल्या नामदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे : कुत्र्याने पोळी पळवली, तर संत तुपाची वाटी घेऊन मागे धावले. वाघ्या देवासाठी कुत्रा झाला. नामदेवांना कुत्र्यातच देव दिसला. ज्याची नजरही वर्ज्य होती, त्याचे भोजन कोरडे राहू नये, ही चिंता याच भूमीने केली.