गंगाधरपंतांच्या ट्रकला दुसरा एपिसोड का नाही?

आज सुरुवात एका ट्रकपासून.

पुण्यातले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका ट्रकला धडकतात आणि पोचतात अशा भारतात, जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. ही जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. सीबीएसईवाल्यांनी अकरावीच्या इंग्रजीत हीच गोष्ट वाचली असेल.

गोष्ट भारी आहे, पण ती तिथेच संपते. आपल्याकडे सासू-सुनांचे हजार हजार भाग होतात. मग या कल्पनेची मालिका का नाही झाली?

उत्तर शोधायला मी बाहेरच्या जुन्या मालिका बघत बसलो. तिथे एक गंमत सापडली. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं तंत्रज्ञान आलंय पैशाच्या अडचणीतून. ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये सुरू झाली. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवायचं तर खर्च परवडेना. मग यान वरच ठेवा आणि माणसंच चमचमत खाली पाठवा! झाला ट्रान्सपोर्टर. ‘डॉक्टर हू’ त्याआधीची, १९६३ ची. तिच्यातलं कालयान जाईल तिथे रूप बदलणार होतं. तेवढे सेट कोण बांधणार? म्हणून यंत्र बिघडलंय असं सांगितलं आणि ते निळ्या पोलीस बॉक्सच्या रूपातच अडकलं. १९६६ मध्ये मुख्य नटाची तब्येत साथ देईना, तर डॉक्टर शरीरच बदलतो असं ठरवून टाकलं. आम्ही कोडिंगवाले याला जुगाड म्हणतो. पण या जुगाडामुळेच ती मालिका आजही नवे डॉक्टर आणू शकते.

आपल्याकडे दूरदर्शनवर १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आली, मिलिंद सोमणची. कॅप्टन पळालेल्या गुन्हेगारांच्या मागे. म्हणजे पुढच्या आठवड्याचा माल तयार! यादी संपली की मात्र गोष्टही संपते.

नारळीकरांची अडचण वेगळी. खरं तर अडचण नाहीच, ते कथा लिहीत होते. एका कथेत एक वैज्ञानिक कल्पना पूर्ण वापरायची आणि थांबायचं. मालिकेला मात्र कल्पना पुन्हा पुन्हा वापरता यायला हवी. आणि माझं म्हणणं, तो ट्रक वापरता येतो! इतिहासातलं एक वळण बदलायचं, पंतांना तिथे सोडायचं. खर्चही फार नाही. जुनी गल्ली, वेगळी पाटी, वेगळं वर्तमानपत्र.

पहिला एपिसोड मी आमच्या नगरमध्ये करीन. (अहिल्यानगर म्हणा, २०२४ पासून. घरी अजून नगरच निघतं तोंडातून.) १५९५ च्या शेवटी मुघलांनी किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, चांदबिबीने रातोरात तो बुजवून घेतला. मुघलांना वऱ्हाड द्यावं लागलं, पण किल्ला राहिला. १६०० मध्ये मुघल परत आले. ती तहाची बोलणी करतेय, म्हणजे फितूर झाली, असं समजून तिच्याच लोकांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आता त्या दिवशी ती अफवा पसरलीच नाही असं धरा. पंत भिंगारच्या बाजूने चालत येतात, खंदकापाशी थांबतात, वर बघतात. बुरुजावर कुणाचं निशाण आहे?

तुमचं उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.